खाडीतून सड्यावर चढणाऱ्याने कोणती कार्बन सायकल घ्यावी?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहतो. वय त्रेचाळीस, पतसंस्थेत नोकरी, शिवाय घरची साठ-पासष्ट हापूसची कलमं. चार वर्षं हायब्रिड सायकल चालवतोय. रविवारी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळपर्यंत जातो. कधी फेरीबोटीने जयगडला उतरून गणपतीपुळेही करतो. गेल्या हिवाळ्यात दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरावीक मुदतीत लांब अंतर काढायची सायकल फेरी) पूर्ण केली. तेरा तास लागले, आणि शेवटचे पन्नास किलोमीटर कंबर धरून गेले. यंदा आंब्याला भाव बरा मिळाला, म्हणून कार्बन फायबरच्या फ्रेमची रोड सायकल घ्यायचं ठरवलंय. पुण्यातल्या एका दुकानात दोन बघून ठेवल्यात : जायंट टीसीआर ॲडव्हान्स्ड २ आणि जायंट डिफाय ॲडव्हान्स्ड २. दोन्ही सव्वादोन लाखांच्या आसपास, डिफाय दहा हजारांनी महाग. चिपळूणची मुलं, ज्यांच्याबरोबर मी अधूनमधून जातो, म्हणतात टीसीआरच घ्या, डिफाय म्हाताऱ्यांची. दुकानदार म्हणतो स्टॉक संपत आलाय, आठवड्याभरात कळवा. आणखी एक. घरी बायकोला मी सव्वा लाखाचा आकडा सांगितलाय. पेट्या भरायला, आंबे निवडायला ती माझ्या बरोबरीने राबते, म्हणून पूर्ण आकडा सांगायचा धीर होत नाही. काय करू? नाव छापू नका.

उत्तर

नमस्कार. आधी निकाल सांगते, मग कारणं. डिफाय घ्या. दहा हजार जास्त देऊन घ्या. टीसीआर वाईट आहे म्हणून हे सांगत नाही, ती फार सुंदर सायकल आहे. पण तुमचा रस्ता, तुमची कंबर आणि तुमचं वय ही तीन माणसं एका बाजूला बसली आहेत, आणि दुसऱ्या बाजूला फक्त चिपळूणची मुलं आहेत.

रस्त्यापासून सुरुवात करू, कारण तो तुम्हाला माझ्याइतकाच पाठ आहे. पालशेतची उतरण, मग पुन्हा चढ, वेळणेश्वरला समुद्राकडे खाली, हेदवीला परत वर. आपल्याकडचा किनाऱ्याचा रस्ता नकाशावर समुद्राच्या कडेने गेलेला दिसतो, प्रत्यक्षात तो खाडीतून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आणि सड्यावरून पुढच्या खाडीत असा करवतीच्या दातांसारखा जातो. एकेक चढ फार तर दोन-तीन किलोमीटरचा. पण मध्येच अशी वळणं येतात की हायब्रिडचा सगळ्यात हलका गिअरसुद्धा पुरा पडत नाही. घाटात एकदाच चढायचं आणि एकदाच उतरायचं असतं, कुंभार्लीला तसंच आहे. इथे तवसाळला पोचेपर्यंत तेच काम चार-पाचदा करावं लागतं. आणि डांबर कसलं, तर पावसाळ्यात कडेने वाहून आलेली लाल माती, जांभ्याची कच, पॅच मारून खरखरीत झालेले पट्टे. ऑक्टोबरात कडेची झाडोरी तोडली की करवंदीच्या काट्या रस्त्यावर पडतात त्या वेगळ्याच.

अशा रस्त्यावर सायकलीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टायरला किती जागा आहे. जायंटच्या सध्याच्या पिढीच्या फ्रेममध्ये टीसीआरला ३३ मिलिमीटरपर्यंतचा टायर बसतो, डिफायला ३८. पाच मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण टीसीआरमध्ये ३२ चा टायर घातलात की जागा जवळजवळ संपली. पहिल्या पावसानंतरची ती चिकट लाल माती फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, आतल्या बाजूला आणि सीटखालच्या उभ्या नळीच्या मागे साचते, त्यात खडा अडकला की कार्बनवर ओरखडे पडतात. डिफायमध्ये ३२ चा टायर घालून वर मोकळी जागा उरते. ३५ चे टायर घालून कच्च्या रस्त्याने वाडीत उतरायचं झालं तरी उतरता येतं.

रुंद टायर म्हणजे हळू सायकल, हा समज आता मागे पडलाय. फ्रान्समधल्या पॅरिस–रूबे शर्यतीत दगडी रस्त्यांवरून जाणारे व्यावसायिक रेसरच हल्ली ३२ मिलिमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून रुंद टायर लावतात. खरखरीत रस्त्यावर कडक फुगवलेला अरुंद टायर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत तुमची ताकद वर फेकली जाते. रुंद टायर कमी हवेत रस्त्याला चिकटून जातो. तुमचं वजन पत्रात नाही, सत्तरच्या घरात धरते. ३२ च्या ट्यूबलेस टायरला पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआयपासून सुरुवात करा आणि दोन-दोनने कमी-जास्त करत तुमचा आकडा शोधा. हायब्रिडला पंक्चरवाल्याकडून दगडासारखी हवा भरून घ्यायची सवय असेल तर ती सोडा. पुढेमागे कधी हुकलेस रिम (टायर अडकवायची आतली कड नसलेल्या) घेतल्या, तर ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही हे लक्षात ठेवा, तशा रिमची मर्यादा ५ बारच असते.

आता कंबर. शेवटचे पन्नास किलोमीटर कंबर धरून काढले, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं.

टीसीआर मुळात शर्यतीसाठी बांधलेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माइक बरोज या इंग्रज डिझायनरने जायंटसाठी ती आखली. फ्रेमची वरची नळी मागे उतरती, फ्रेम आटोपशीर. टीसीआर म्हणजे टोटल कॉम्पॅक्ट रोड. पुढच्या पंचवीस वर्षांत तिच्यात पुष्कळ बदल झाले, पण स्वभाव तोच राहिला : हँडल खाली, माणूस लांबवर वाकलेला, वारा अंगावरून निसटून जाणारा. डिफाय २००९ ची, आणि ती लांब पल्ला काढणाऱ्यांसाठीच आणलेली. हँडल वर आणि थोडं जवळ, चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे उतारावर सायकल स्थिर. दोन्हींचा कार्बन त्याच ॲडव्हान्स्ड दर्जाचा, म्हणजे एक भारी आणि एक हलकी प्रतीची असा काही प्रकार नाही. डिफायचा सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते तो, मात्र वेगळा आहे. तो गोल नसून इंग्रजी डी अक्षरासारखा, मागच्या बाजूला सपाट. खड्ड्यात चाक गेलं की तो मागे किंचित लवतो आणि हादरा कमरेपर्यंत पोचायच्या आत काहीसा जिरतो. सहा तासांनंतर त्याचा अर्थ कळतो. दुकानाच्या दारातल्या पाच मिनिटांच्या फेरीत कळत नाही, म्हणून तिथल्या फेरीवर निर्णय घेऊ नका.

दुकानदाराकडून दोन्ही सायकलींचे तुमच्या मापाचे स्टॅक आणि रीच हे आकडे मागून घ्या. पॅडलची कांडी जिथून फिरते त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची सरळ उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. घरी हायब्रिड भिंतीला टेकवून टेपने हेच दोन आकडे मोजा. हायब्रिडला सरळ हँडल असतं, त्यामुळे तुलना अगदी तंतोतंत होणार नाही, पण तुम्हाला सवय कशाची आहे आणि टीसीआर तुम्हाला कुठे नेऊन ठेवणार आहे, हे कागदावर दिसेल. दुकानदार म्हणेल, टीसीआरला हँडलखाली स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकून हँडल वर घेऊ. घेता येतं, पण थोडंच. त्यापुढे तुम्ही शर्यतीच्या सायकलीला जबरदस्तीने दुसरी सायकल बनवायला बघता, आणि ती धड ना ही राहते ना ती.

त्रेचाळिसाव्या वर्षी पाठ लवचीक करता येते, व्यायामाने कंबर मजबूतही होते. ते करा, सायकल कुठलीही घेतलीत तरी करा. पण पाठ कधीतरी सुधारेल या भरवशावर आज सायकल घेऊ नका.

वजनाबद्दल एक हिशेब मांडते, कारण मुलं तुम्हाला वजनच सांगणार. समजा टीसीआर डिफायपेक्षा अर्धा किलो हलकी निघाली. तुम्ही बहात्तर किलो, सायकल नऊच्या आसपास, दोन पाण्याच्या बाटल्या आणि खिशातलं सामान मिळून सगळं चौऱ्याऐंशी किलोच्या घरात. त्यातला अर्धा किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. चढावर लागणारी ताकद जवळजवळ वजनाच्या प्रमाणात असते. म्हणजे अर्ध्या तासाच्या सलग चढावर फरक पडणार दहा-अकरा सेकंदांचा, आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर अर्ध्या तासाचा सलग चढ नाहीच. त्या दहा सेकंदांसाठी कंबर पणाला लावू नये.

सपाटीवर मात्र टीसीआरचा फायदा खरा आहे, तो लपवत नाही. ताशी तीसच्या पुढे तुमचं भांडण वजनाशी नसून वाऱ्याशी असतं, आणि वाकलेलं शरीर वाऱ्याला कमी भिडतं. तुम्ही पंचविशीत असता, शर्यतीत उतरणार असता, सातारा-कोल्हापूरकडच्या मोकळ्या रस्त्यांवर गटाने सराव करत असता, तर मी टीसीआरच सांगितली असती. पण गुहागर ते गणपतीपुळे या वाटेवर ताशी तीसने सलग अर्धा तास जाता येईल असा तुकडा कुठे आहे, तुम्हीच सांगा. एखादा छोटासा सापडला तर सापडला. तिथे डिफायच्या हँडलची खालची वाकण धरा आणि कोपर वाकवा, बऱ्यापैकी तेच साधेल.

गिअरचं नीट बघून घ्या, सायकलीच्या नावापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल. पुढच्या दोन चकत्यांना ५०-३४ दात आणि मागच्या संचाला ११ ते ३४ हवेत, ११-३६ मिळाली तर त्याहून बरं. शिमानो कंपनीच्या बारा गिअरच्या ‘१०५’ नावाच्या संचाला मागे ३६ दातांपर्यंत चालतं. पुढे ५२-३६ असेल तर बदलून मागा. पुढे ३४ आणि मागे ३४ म्हणजे पॅडलचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा. मिनिटाला साठ फेरे मारलेत तर वेग ताशी पावणेआठ किलोमीटर. हेदवीच्या वरच्या वळणावर तेवढा वेग असला तरी बसून चढता येतं, उठून कंबरेला झटके द्यावे लागत नाहीत. चाकं या किमतीत ॲल्युमिनियमचीच येतात, त्याने मन खट्टू करून घेऊ नका. कार्बनची चाकं पुढे कधीही घेता येतील आणि नाही घेतली तरी काही अडत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण पुण्यातला दुकानदार ती सांगणार नाही. त्याच्याकडे समुद्र नाही.

कार्बन गंजत नाही, हे खरं. पण सायकल नुसती कार्बनची नसते. बाटलीच्या जाळीचे स्क्रू ज्यात बसतात त्या चकत्या, मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्याला लटकतो तो हँगर, हे सगळं ॲल्युमिनियमचं. बेअरिंग पोलादाचे. कार्बन फायबरमधून वीज वाहते. खाऱ्या पाण्याने ओला झालेला कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की तिथे बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी तयार होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, फटीत फुगून बसते आणि भाग जाम होतो. फेरीबोटीवर पंधरा-वीस मिनिटं वाऱ्याबरोबर उडणारे खारे तुषार, जेट्टीवरचं पाणी, पावसाळ्यात दमट पडवी : आपल्याकडे हे सगळं बाराही महिने आहे.

माझी पहिली कार्बन सायकल शर्यतीच्या ठेवणीची होती. मित्रमंडळींकडे तशाच होत्या म्हणून मी ती घेतली. फ्रेम कार्बनची, सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा. दोन पावसाळे तो एकदाही बाहेर काढला नाही, कारण सीटची उंची बरोबर होती, हात लावायची गरजच वाटली नाही. तिसऱ्या वर्षी वाहतुकीसाठी काढायला गेले तर हलेना. एका दुकानात दिली, तिथे कोणी तरी पाइप-पान्याने पिळला आणि फ्रेमच्या गळ्याशी तडा गेला. शेवटी सीटपोस्ट कापून, आतून किसून काढावा लागला, फ्रेम दुरुस्त करून घेतली, पण तिच्यावर पुन्हा कधी निर्धास्त उतार उतरले नाही. दोन महिन्यांतून एकदा पाच मिनिटं दिली असती तर ती सायकल आजही माझ्याकडे असती. तुम्ही ज्या दोन बघताय त्यांचे सीटपोस्ट कार्बनचेच आहेत, त्यामुळे नेमका हा त्रास कमी. पण धडा तोच लागू आहे.

म्हणून सांगते. तवसाळ-जयगड फेरी झाली की त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवायची. बादली आणि फडकं, नाहीतर नळीचं हलकं पाणी. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा अजिबात नको, तो बेअरिंगच्या आत पाणी घुसवतो. मग कोरडी पुसून चेनला तेल. पावसाळ्यात ओल्या हवेसाठी असतं ते घट्टसर, एरवी पातळ, आणि दोन्ही वेळा वरवरचं पुसून टाकायचं, नाहीतर त्यावर लाल माती बसून ती चेन कानशीसारखी दात झिजवते. दर दोन महिन्यांनी सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढायचा, आत-बाहेर पुसायचा, कार्बन पेस्ट (कार्बनचे भाग घसरू न देणारी) लावून पुन्हा खुणेवर बसवायचा. कार्बनचा पोस्ट आहे, ग्रीस लावू नका, घसरेल. बाटलीच्या जाळीचे स्क्रू मात्र काढून त्यांना थोडं ग्रीस लावा. सगळं घट्ट करताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळायचं ते ठरवता येणारा पाना, वापरा. सायकलीवर आकडा छापलेला असतो, हँडल धरणाऱ्या स्टेमच्या स्क्रूला बहुतेक ५ न्यूटन-मीटर. गावातल्या मेकॅनिकचा हात मोटरसायकलीला सरावलेला असतो, त्यात त्याचा दोष नाही, पण त्या हाताने कार्बन चिरडतो. रेंच तुमच्या घरी हवा.

हल्ली ब्रेकच्या नळ्या हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याच्या, बेअरिंगमधून आत जातात. दिसायला स्वच्छ, पण खाऱ्या हवेत तेच बेअरिंग सगळ्यात आधी कुरकुरतं, आणि ते बदलायला ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागतात. हे काम दोन्ही सायकलींत सारखंच, त्यामुळे निवडीवर परिणाम नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, पुण्याला किंवा कोल्हापूरला चांगल्या हातात सर्व्हिसिंगचा खर्च धरून चाला.

ब्रेकबद्दल थोडक्यात. हायड्रॉलिक डिस्क आहेत, ओल्या उतारावर तुमचा जीव त्यांच्यावर आहे. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, दुसरं कुठलंही नको. रेझिनचे पॅड पावसात लाल मातीबरोबर भराभर झिजतात. रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, फक्त रेझिन असं लिहिलेलं नसेल तर पावसाळ्यापुरते मेटलचे पॅड लावा, आणि एक जोडी कायम खिशात ठेवा.

सायकल घेतानाच डिरेलर हँगर जादा दोन मागवून घ्या. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. शृंगारतळीला, चिपळूणला तो मिळणार नाही, आणि सायकल उजव्या अंगावर एकदा आडवी झाली की तो वाकतो, कधी मोडतो. एवढासा तुकडा नसल्याने महिनाभर सायकल भिंतीला टेकून राहिलेली मी पाहिली आहे. ट्यूबलेसचं दुधासारखं औषध आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, ते वेळेवर घालत जा, आणि तरीही एक ट्यूब जवळ ठेवा. दुकानदाराला ठणकावून सांगा की पहिला महिना फोर्कची नळी कापायची नाही. वर स्पेसर दिसले तर दिसू देत. महिनाभर चालवून कंबरेने कौल दिला की मग कापा. बिल तुमच्याच नावावर घ्या, फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकालाच असते. आणि पुण्याहून आणताना एसटीच्या टपावर दोरीने आवळून आणू नका. खोक्यात पॅक करून घ्या आणि खोकं उभंच ठेवा.

चिपळूणच्या मुलांबद्दल. ती तुमची थट्टा करतात असं पत्रावरून वाटत नाही, त्यांना खरंच टीसीआर आवडते आणि तुम्ही त्यांच्यात यावं असं वाटतं. त्यांच्याबरोबर जात राहा. तुम्ही मागे राहता ते सायकलीमुळे थोडं आणि सराव-वयामुळे जास्त, तो फरक दोन लाखांनी भरून निघत नाही. पण बीआरएमचं गणित वेगळं आहे. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस. तिथे पहिल्या चढावर कोण पुढे होतं हे कोणी लिहून ठेवत नाही. बाराव्या तासाला मान वर करून रस्ता बघता येणं, चहाच्या टपरीवरून पुन्हा सीटवर बसावंसं वाटणं, हे लागतं. तीनशेचं स्वप्न मनात असेल तर डिफाय त्याच कामाची आहे.

आता घरची गोष्ट. पूर्ण आकडा सांगा, आणि दुकानात पैसे भरायच्या आधी सांगा.

शिवाय तुम्ही जो आकडा लपवताय तोही पुरा नाही. या वर्गातल्या सायकलींबरोबर पॅडल बहुधा येतच नाहीत. पॅडल, बूट, बरं हेल्मेट, प्रेशर दाखवणारा पंप, टॉर्क रेंच, जादा हँगर, पॅड, ट्यूब, पेस्ट, पुण्याचं येणंजाणं : अजून पंधरा-वीस हजार धरा. म्हणजे खर्च दोन लाख पंचेचाळीस हजारांच्या आसपास. सव्वा लाख सांगितलेत तर प्रत्येक छोट्या खरेदीला नवं खोटं लागेल. दर रविवारी पहाटे सायकल काढताना ते खोटं पडवीत उभं असेल.

आणि ते पैसे एकट्याचे नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. पेट्या भरताना, अढीतले आंबे उलटेपालटे करताना ती शेजारी बसली होती. तिच्याकडून परवानगी मागा असं मी म्हणत नाही, तिला हिशेबात घ्या. कागदावर लिहा : सीझनला आले किती, खतं-फवारणी-मजुरीला गेले किती, पुढच्या वर्षाच्या फवारणीला बाजूला ठेवायचे किती, मुलांची फी, आणि उरलेल्यात सायकल. मी आधी चुकीचा आकडा सांगितला, हे वाक्य सुरुवातीलाच म्हणा, समजूत घालता घालता मध्ये दडपू नका. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तिने विचारलं की हेच पैसे माझ्या कशासाठी का नाहीत, तर तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे कागदावर असायला हवं. कदाचित उत्तर असं निघेल की यंदा अर्धे बाजूला टाकू आणि सायकल पुढच्या सीझनला. तसं निघालं तर तेही मान्य करा. हायब्रिड आहे, तिच्यावरच तुम्ही दोनशे काढलेत.

दुकानदाराच्या आठवड्याच्या मुदतीला घाबरू नका. तुमच्या मापाची डिफाय त्याच्याकडे नसेल आणि तो एक माप मोठी किंवा लहान चालवून घ्या म्हणाला, तर सरळ नको म्हणा. चुकीच्या मापाच्या डिफायपेक्षा बरोबर मापाची टीसीआर बरी, आणि दोन्हीपेक्षा थांबणं बरं. तसाही पाऊस तोंडावर आलाय. जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या उतारांवर नवी सायकल शिकायची घाई कशाला? हायब्रिडवर पावसाळा काढा, तिला जुने टायर असतील तर तेवढे बदला, आणि गणपती झाले की पुण्याला फोन करा.